दहा आठवडे लंडनमध्ये : वाचनकक्षातल्या दिवसांचा हिशेब

अमेरिकेत पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याला मे ते ऑगस्टमधले दहा-बारा आठवडे मोकळे मिळतात. इतिहास, राज्यशास्त्र, साहित्य या विषयांतले बरेच जण ते इंग्लंडमधल्या कागदपत्रांसाठी राखून ठेवतात. त्यांत आता मराठी मुलंमुलीही आहेत. दहा आठवडे ऐकायला पुष्कळ वाटतात. पण लंडनमधल्या क्यू या भागातलं राष्ट्रीय अभिलेखागार फक्त मंगळवार ते शनिवार उघडं असतं, म्हणजे हाती आले पन्नास दिवस. घर आणि ओळखपत्रांच्या धावपळीत पहिला आठवडा गेला तर उरले पंचेचाळीस. म्हणून खोली कुठे घ्यायची इथपासून ते कोणता सदरा बॅगेत भरायचा इथपर्यंत प्रत्येक निर्णयाला एकच प्रश्न विचारावा : यात वाचनाचा दिवस वाचतो की जातो?

सुरुवात पासपोर्टपासून. अमेरिकन नागरिकाला सहा महिन्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी व्हिसा लागत नाही, मात्र ८ जानेवारी २०२५ पासून निघण्याआधी ऑनलाइन प्रवास-परवानगी, म्हणजे ई.टी.ए., घ्यावी लागते. ती दोन वर्षं चालते. पासपोर्ट त्याआधी संपला तर तीही संपते. भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा इथे उपयोगाचा नाही. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा निघण्याआधीच काढावा लागतो, त्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि तेवढा वेळ हाताशी ठेवावा लागतो. परतीची बाजू लोक विसरतात. आय-ट्वेंटीवर, म्हणजे विद्यापीठाने विद्यार्थी व्हिसासाठी दिलेल्या दाखल्यावर, विद्यापीठाची प्रवासासाठीची सही वर्षभराच्या आतली हवी आणि पासपोर्टवरचा एफ-वन, म्हणजे अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा, परतीच्या तारखेला चालू हवा. कॅनडाला तीस दिवसांच्या आत जाऊन आलं तर संपलेल्या व्हिसावर परत येता येतं, ती सवलत इंग्लंडच्या प्रवासाला नाही. लंडनमध्ये अमेरिकन व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळेल या भरवशावर तर मुळीच निघू नये.

आता मुख्य गोष्ट, कोणता कागद कुठे आहे. भारतावर काम करणारे सर्वांत जास्त दिवस इथेच गमावतात. क्यूला वसाहत खात्याच्या फायली आहेत, तेव्हा मुंबई इलाख्याचं सगळं तिथेच असणार असं वाटतं. तसं नाही. भारताचा कारभार वसाहत खात्याकडे नव्हताच, त्यासाठी इंडिया ऑफिस हे वेगळं खातं होतं. ईस्ट इंडिया कंपनीचे आणि इंडिया ऑफिसचे दस्तऐवज ब्रिटिश लायब्ररीत, सेंट पँक्रस स्टेशनशेजारी, तिसऱ्या मजल्यावरच्या आशियाई व आफ्रिकी अभ्यासाच्या वाचनकक्षात मिळतात. लष्कर, नौदल, परराष्ट्र आणि मंत्रिमंडळाचे कागद मात्र क्यूला. दोन्हीकडे काम असेल तर आठवडा वाटून घ्यावा. क्यू बंद असलेला सोमवार लायब्ररीसाठी ठेवला की एक दिवस वाचलाच.

दोन्ही ठिकाणचं वाचक-ओळखपत्र मोफत आहे. नोंदणी ऑनलाइन सुरू करून जागेवर पूर्ण करायची असते. अडतं ते पत्त्यापाशी. ओळखीचा एक आणि पत्त्याचा एक असे दोन वेगळे पुरावे लागतात, आणि अमेरिकन पासपोर्टवर पत्ता छापलेला नसतो. राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा बँकेचं अलीकडचं विवरणपत्र मूळ स्वरूपात न्यावं. फोनवरचा फोटो दाखवून काम होईल असं धरून चालू नये.

मागणी आधी नोंदवावी. क्यूचे काही दस्तऐवज चेशायरमधल्या मिठाच्या खाणीत ठेवलेले आहेत, ब्रिटिश लायब्ररीचा मोठा साठा यॉर्कशायरमधल्या बॉस्टन स्पा इथे आहे. तिथून यायला दिवस लागतात, त्यामुळे अशा वस्तूंची यादी पहिल्याच आठवड्यात पाठवावी आणि जवळच्या फायली मध्ये वाचत राहाव्यात. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ला झाला. तिथल्या सेवा त्यानंतर टप्प्याटप्प्याने पूर्ववत होत गेल्या. विमानाचं तिकीट काढण्याआधी हवा तो संग्रह पाहायला मिळेल का, हे ग्रंथपालांना ईमेलने विचारावं. वाचनकक्षात शाईचं पेन चालत नाही, शिसपेन्सिल चालते. बॅग आणि कोट लॉकरमध्ये, बाकी सामान पारदर्शक पिशवीत. जूनमध्ये बाहेर ऊन असलं तरी आत थंडी वाजते, म्हणून पातळ स्वेटर जवळ हवा.

राहण्यासाठी माझ्या मते विद्यापीठांची वसतिगृहं सर्वांत सोयीची. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत ब्रिटिश विद्यार्थी घरी गेलेले असतात आणि अनेक विद्यापीठं रिकाम्या खोल्या भाड्याने देतात. वीज, पाणी, इंटरनेट भाड्यातच येतं. पातेली-ताटं बहुधा मिळत नाहीत, एवढं आधी विचारून घ्यावं. खासगी खोली घेताना भाडं आठवड्याचं सांगितलंय की महिन्याचं, हे पाहावं. आठवड्याला २०० पौंड म्हणजे महिन्याला ८०० नव्हे. २०० गुणिले ५२ भागिले १२, म्हणजे सुमारे ८६७. अनामत रक्कम साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही आणि खोली राखून ठेवण्यासाठी एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, हा २०१९ चा कायदा आहे. खोली न पाहता पैसे पाठवू नयेत. क्यूला रोज जायचं असेल तर डिस्ट्रिक्ट लाइनवर, म्हणजे हॅमरस्मिथ, टर्नहॅम ग्रीन किंवा रिचमंडच्या आसपास राहावं. शहराच्या पूर्व टोकाला स्वस्त खोली घेतली तर जाऊन-येऊन रोजचे अडीच तास गाडीत जातात.

भुयारी रेल्वेत वेगळा पास लागत नाही, कॉन्टॅक्टलेस कार्ड पुरतं. दिवसाची कमाल आकारणी आपोआप लागू होते, पण त्यासाठी दिवसभर एकच कार्ड वापरावं लागतं. सकाळी प्लास्टिकचं कार्ड आणि संध्याकाळी तेच कार्ड फोनमधून टेकवलं, तर यंत्र ते दोन वेगळे प्रवासी धरतं. रेल्वेत चढताना आणि उतरताना दोन्हीदा टेकवायचं, बसमध्ये फक्त चढताना. अमेरिकन कार्डाला परदेशी व्यवहाराचं शुल्क लागतं का, हे निघण्याआधी तपासावं. ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा एडिंबराच्या दोन-तीन फेऱ्या असतील तर एक-तृतीयांश सवलतीचं रेलकार्ड लगेच वसूल होतं. १६ ते २५ वयाच्या कार्डावर सोमवार ते शुक्रवार सकाळी दहाच्या आधी किमान भाड्याची अट असते, ती जुलै-ऑगस्टमध्ये नसते. २६ ते ३० च्या कार्डावर मात्र वर्षभर असते. पीएच.डी.चे बहुतेक विद्यार्थी याच दुसऱ्या गटातले, तेव्हा दहानंतरची गाडी पाहावी.

विजेचा दाब २३० व्होल्ट. लॅपटॉप-फोनच्या चार्जरला नुसता चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर पुरतो. अमेरिकेतला १२० व्होल्टचा राइस कुकर किंवा हेअर ड्रायर अडॅप्टर लावून जोडला तर जळतो. भारतातून आणलेला मिक्सर मात्र अडॅप्टरवर चालतो, कारण दाब तोच आहे. उपकरण अचानक बंद पडलं तर आधी सॉकेटचं बटण पाहावं, मग प्लगमधला फ्यूज. मजल्यांची गणती आपल्यासारखीच, तळमजला आणि मग पहिला. तारखेतही दिवस आधी, महिना नंतर. अमेरिकेची सवय लागलेल्यांच्या मागणीपत्रात इथेच घोटाळा होतो.

औषधं नेहमीची असतील तर पूर्ण मुक्कामाची न्यावीत, अमेरिकन डॉक्टरच्या चिठ्ठीवर ब्रिटिश औषधालयात औषध मिळत नाही. पाहुण्यांना तातडीच्या विभागातले उपचार मोफत असतात, पण रुग्णालयात दाखल झालं की बिल येतं. प्रवास विमा काढावाच.

क्यू आणि लायब्ररी दोन्ही बंद असतील त्या दिवशी चॉक फार्म स्टेशनपासून चालत किंग हेन्रीज रोडवरचं दहा क्रमांकाचं घर गाठावं. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून लंडनला आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर दुसऱ्या खेपेला, १९२१-२२ मध्ये, याच घरात राहून शिकले. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेतलं.

क्यूला कागदांचे फोटो काढायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे दिवसाला चार-पाचशे सहज निघतात. अमेरिकेत परतल्यावर त्यांतला कुठला फोटो कुठल्या फायलीतला, हेच कळेनासं होतं. प्रत्येक फायलीचा पहिला फोटो मुखपृष्ठावरच्या क्रमांकाचा घ्यावा, प्रत्येक पानाच्या फोटोत कडेला तोच क्रमांक लिहिलेली कागदाची पट्टी ठेवावी, आणि रोज रात्री झोपण्याआधी फोटो दोन ठिकाणी उतरवून ठेवावेत.