काकूंची वीस उत्तरं

पुतणी सायकॉलॉजीत एम.ए. करतेय. प्रॅक्टिकलसाठी आज आमच्या अमळनेरकडच्या गावात ओट्यावर बसून बायकांचे फॉर्म भरत होती. ‘मी कोण आहे?’ याची वीस उत्तरं द्यायची. चाचणी १९५४ची, अमेरिकेतली.

काकू नुकत्याच कापूस वेचून आलेल्या, पदराला अजून काडीकचरा चिकटलेला. म्हणाल्या, “नानानी माय. पाटीलसनी सून. आखो काय सांगू व माय?” सगळं गणगोत आलं, ‘मी मेहनती’, ‘मी हळवी’ एकदाही नाही. पुतणीच्या नोट्सप्रमाणे म्हणजे ‘स्व’ची जाणीव कमी! जिच्या होकाराशिवाय घरात बियाण्याची पिशवी येत नाही, तिची?

केनियातल्या मसाई आणि सांबुरू लोकांनीही याच प्रश्नाला बहुतेक नात्यांची, भूमिकांचीच उत्तरं दिली होती. अमेरिकन विद्यार्थ्यांनी मात्र स्वतःचे गुण सांगितले.

मग मानसशास्त्राचे अभ्यास होतात तरी कुणावर? हे पाहायला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेटने २००८ साली त्या विषयाची सहा नामांकित अमेरिकन जर्नल्स तपासली. २००३ ते २००७च्या अभ्यासांतले ९६ टक्के लोक पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले, आणि त्या देशांत राहते जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या. त्यातही भरणा कॉलेजच्या पोरांचा, कारण ती वर्गातच सापडतात. (आपल्याकडे पुण्या-मुंबईची पोरं घेऊन ‘भारतीय मन’ लिहिणारे काही वेगळे नाहीत.)

पुतणीला म्हटलं, काकूंचं अहिराणी आहे तसंच उतरव, मार्क नंतर दे. जळगाव-धुळे-नंदुरबारकडे कुणी अहिराणीत किंवा भिलीत अशा चाचण्या घेतल्या असतील तर कमेंटमध्ये सांगा, तिला हव्या आहेत.