पोराची उंची आणि दोन फॉर्म

आमचा पोरगा नववीत आहे, उंची १३६ सेंटिमीटर. त्यावर घरात आजवर सगळ्यांचे सल्ले झाले. सासूबाई म्हणायच्या दूध पीत नाही, जाऊबाई म्हणायच्या दारात बार लावून लोंबकळू दे. टीव्हीवरच्या जाहिरातीतली पावडरही आणली, ती मीच प्यायले. शेवटी शाळेतल्या आरोग्य तपासणीत चिठ्ठी मिळाली, म्हणून सोलापुरातच हॉर्मोनच्या डॉक्टरांकडे गेलो.

तिथे भिंतीवरच्या पट्टीला उभं केलं. बूट काढून, टाचा, पाठ, डोकं भिंतीला टेकवून, नजर समोर. चिरंजीवांनी त्या दिवशी जेल लावून केस उभे केले होते. डॉक्टरांनी वरची फळी खाली दाबली आणि सगळी हेअरस्टाईल चपटी. माझी आणि ह्यांचीही उंची मोजली: १५० आणि १६५. त्यावरून पोराच्या मोठेपणीच्या उंचीचा अंदाज काढतात: मुलगा असेल तर दोघांची बेरीज, अधिक १३, भागिले दोन. आमचं आलं १६४. मुलगी असती तर १३ वजा केले असते. म्हणजे सहाफुटी आमच्या नशिबात नव्हताच. जुनी प्रगतिपुस्तकं नेली होती ते बरं झालं; वर्षावर्षाची उंची त्यात लिहिलेली असते आणि एका दिवसाच्या आकड्यापेक्षा डॉक्टरांना ती जास्त उपयोगाची पडली.

रक्त, थायरॉइड, गव्हातलं ग्लुटेन आतड्याला सोसत नाही त्या सिलिअॅक आजाराची तपासणी, सगळं नॉर्मल. डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय निघालं साडेअकरा, आणि पोरगा चौदाचा. हाडं मागे आहेत म्हणजे वाढायला अजून वाव आहे, डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन नको, दर सहा महिन्यांनी मोजू. हे घरी सांगितल्यावर सासूबाईंना आठवलं की ह्यांची उंचीसुद्धा दहावीनंतरच वाढली होती. आधी का नाही सांगितलं, तर कुणी विचारलंच नाही म्हणे.

मला वाटलं संपलं. पण डॉक्टरांनी समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. बुटक्या मुलांचं रोजचं जगणं कसं चाललंय हे मोजायची एक प्रश्नावली आहे, 'क्वॉलिसी'. जर्मनी, फ्रान्स, स्पेन, स्वीडन आणि ब्रिटन अशा पाच देशांत मिळून ती तयार झाली. आठ ते अठरा वर्षांची मुलं स्वतः भरतात, पालकांचा फॉर्म वेगळा. मॅडम प्रश्न मराठीत समजावून सांगत होत्या: हात पुरतो का, लोक वेगळं वागवतात का, उंचीमुळे वाईट वाटतं का. उत्तर 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत. गुण शंभरापैकी, जास्त म्हणजे चांगलं. आपल्याकडच्या पोराला समोर बसून विचारलं की ते जरा शहाण्यासारखंच उत्तर देतं, त्यामुळे आकडा मी थोडा सावधच घेते. पण मॅडमनी मला बाहेर बसवलं, ते शंभर टक्के बरोबर केलं.

कारण दोघांचे फॉर्म जुळलेच नाहीत. माझ्या उत्तरांवरून तो आतून खचलेला होता. त्याच्या उत्तरांवरून मजेत होता. 'बारक्या' म्हणणाऱ्या मित्रांचं त्याला काहीच नव्हतं. त्याचे गुण घसरले होते ते लोकांच्या वागण्यात. मॅडमनी खोदून विचारलं तेव्हा निघालं अक्कलकोटच्या एसटीचं. बारा वर्षांपर्यंत हाफ तिकीट. कंडक्टर न विचारताच फाडतो, मीही वाचले पैसे म्हणून गप्प बसते. बायकांना आता एसटीत निम्मं भाडं असल्यामुळे आम्ही मायलेक दोघं हाफमध्येच फिरतो! त्याला मात्र गाडीभर लोकांसमोर लहान झाल्यासारखं वाटायचं. दुसरं, पीटीचे सर त्याला खो-खोला सहावीच्या पोरांत टाकायचे. आणि तिसरं नाव माझंच. सायकलवर सात रस्त्यापर्यंत एकटं जायला मी धाकट्या मुलीला सोडते, त्याला नाही.

असं आईतोंडी पोराच्या मनातलं सांगणं आणि पोराने सांगणं यात फरक पडतोच, मॅडम म्हणाल्या, म्हणून तर दोन फॉर्म.

सरांना भेटून आले. त्यांनी फारसे आढेवेढे घेतले नाहीत; चपळ आहे, नववीच्या संघात घेतो म्हणाले. सायकलीवरून घरात दोन दिवस धुसफूस झाली, पण शेवटी त्याला एकटं जाऊ दिलं. एसटीत आता तोच पुढे होऊन "एक फुल, एक लेडीज" म्हणतो. कंडक्टर एकदा वर-खाली बघतो आणि फाडतो.

दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा उंची मोजायची आहे. फॉर्मही परत भरायचा आहे. माझ्या फॉर्ममध्ये मी काय लिहिणार, हे तो आत्तापासून विचारतोय.