तुम्ही विचारलंत म्हणून: 'म्हणजे हे खोटंच ना?'

नॉर्वेत बर्गनला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी फान्टॉफ्टचं लाकडी चर्च दाखवते, आणि बाहेरची पाटी वाचून प्रत्येकजण तेच विचारतो: "जळून गेलं होतं? म्हणजे हे खोटंच ना?"

हो, जळालं. ६ जून १९९२ ला कुणीतरी पेटवून दिलं. आत्ताचं १९९७ मध्ये पूर्ण झालं. यापुढचं ऐकायला कुणी थांबत नाही, म्हणून लिहितेय.

मुळात ते इथलं नव्हतंच. ११५० च्या सुमारास सोग्न भागातल्या फोर्टून गावात उभं राहिलं. १८५१ मध्ये नॉर्वेत कायदा झाला, की चर्चमध्ये तिथल्या तीन-दशांश वस्तीला बसता आलंच पाहिजे. जुनी चर्चं अंधारी, चिमुकली. धडाधड पाडली गेली. हेही गेलंच असतं. एका श्रीमंत गृहस्थांनी ते विकत घेतलं, सुटं करून १८८३ मध्ये इथं आणून जोडलं, आणि बाहेरचं रूप बोर्गुंड गावच्या तशाच जुन्या लाकडी चर्चवरून दिलं. म्हणजे आगीत गेलं तेही जसंच्या तसं नव्हतं. एवढं सांगेपर्यंत पाहुणे घड्याळ बघायला लागतात.

बाबा आले तेव्हा मी त्यांना पाटीजवळ थांबूच दिलं नाही. "साडेआठशे वर्षांचं आहे," मी म्हणाले. बाबांनी जन्मभर रंधा चालवलेला. गावचं लाकडी देऊळ पाडून स्लॅब टाकायचं ठरलं, तेव्हा 'नको' म्हणणारे ते एकटेच होते. कुठेतरी एक टिकलंय असं त्यांना वाटावं, एवढंच मनात होतं. त्यांनी चष्मा वर सरकवला, खांबावर तळवा ठेवला, नखानं ओढून पाहिलं. खालच्या तुळईत खांब कसा बसवलाय ते वाकून बघितलं. डांबराचा वास घेतला. "लाकूड नवं आहे गं." परतीच्या ट्राममध्ये खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काम चोख केलंय. तू खोटं कशाला बोललीस?"

त्यावर मी स्वतःशीच खूप वाद घातला. घडण तीच, मग वय कशाला मोजायचं? पण बोर्गुंडला ११८० च्या आसपासच्या खांबांपाशी माझाही आवाज आपोआप खाली येतो, त्याचं काय? अशी जुनी लाकडी चर्चं नॉर्वेत २८ उरली आहेत. फान्टॉफ्ट त्यांत धरत नाहीत. मला तो अन्याय वाटतो. बरोबरही वाटतं.

पुढच्या महिन्यात मावशी येतेय. तिला पाटी आधी दाखवायची की नंतर, अजून ठरलेलं नाही.