पूररेषेतल्या घराचा बॅकअप

घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप ऑनलाइन ठेवायचा की एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर, हे बहुतेक घरांत किंमत बघून ठरतं. आम्ही सांगलीत गावभागात राहतो, त्यामुळे आमच्याकडे किमतीच्या आधी कृष्णेची पातळी बघावी लागते. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५५ च्या आसपास. ओळखीच्या एका फोटोग्राफरचं दुकान २०१९ ला पाण्यात होतं. त्यांच्याकडे बॅकअप होता, पण ज्या टेबलावर कॉम्प्युटर होता त्याच टेबलाच्या खणात. कितीतरी घरांच्या लग्नांचे फोटो त्या आठवड्यात गेले.

आमच्या कॉम्प्युटरवर दोन जातींचा डेटा आहे. एक म्हणजे सासऱ्यांच्या हळदीच्या अडतीचा हिशेब. टॅलीतला कित्येक वर्षांचा हिशेब, बिलं, सातबाऱ्याचे आणि खरेदीखतांचे स्कॅन. दुसरा म्हणजे मुलांच्या जन्मापासूनचे फोटो आणि व्हिडिओ. सगळं मिळून ४२० जीबीच्या आसपास. सासरे, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, एकदा कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "पाच सालच्या पुरात चोपड्या डोक्यावर घेऊन माडीवर चढलो होतो. ह्यातलं कुठं घेऊन चढायचं गं पोरी?" त्या प्रश्नाचं नीट उत्तर काढायचंच असं मी तेव्हा ठरवलं.

आधी ऑनलाइनचा हिशेब मांडला. आमच्या ब्रॉडबँडचा वेग सांगताना सगळे डाउनलोडचाच आकडा सांगतात, पण बॅकअपला अपलोड लागतो. मी तो मोजला तर २० एमबीपीएस भरला. एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, आणि फाइलचा आकार असतो मेगाबाइटमध्ये, म्हणून आठाने गुणायचं. ४२० जीबी वर चढवायला सलग ४७ तास लागतील असं उत्तर आलं. वीज गेली की राउटर बंद, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. एकदा चढवल्यावर रोजची भर थोडी असते हे खरं, पण उलटा प्रवासही धरायला हवा. कॉम्प्युटर गेला तर सगळं परत उतरवायचं असतं, आणि पूर ओसरल्यावर नेट कधी सुरू होईल याचा भरवसा नसतो.

किमतीचंही बघितलं. गूगल वन या ऑनलाइन साठवणीचा २ टीबीचा प्लॅन तेव्हा वर्षाला ६५०० रुपयांना होता आणि २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क साधारण तेवढ्यालाच मिळत होती. डिस्कचे पैसे एकदा भरायचे, प्लॅनचे दर वर्षी. (डिस्क जोडल्यावर विंडोज १.८१ टीबी दाखवतं. मोजण्याची पद्धत वेगळी असल्याने तसं दिसतं, माल कमी नसतो.) यूएसबी ३ वर सगळा डेटा एका संध्याकाळी उतरला. हजारो छोट्या फोटोंना वेळ लागतो, मोठे व्हिडिओ भराभर जातात.

इथपर्यंत डिस्क सरस वाटत होती. मग मी वहीत एका बाजूला संकटं लिहून काढली: पूर, चोरी, डिस्क बंद पडणं, व्हायरस, आणि घरातल्या कुणाच्या हातून फोल्डर उडणं. प्रत्येकापुढे कोणती प्रत वाचेल ते लिहिलं. माझ्या मते सगळा निर्णय या पानात आहे. पुरात आणि चोरीत घरातली डिस्क कॉम्प्युटरबरोबरच जाते. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आला तर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद होतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा असाच व्हायरस जगभर पसरला, आणि हा धोका फक्त मोठ्या कंपन्यांचा नाही.

ऑनलाइनच्या पुढेही कोरी जागा राहिलीच. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचा फोल्डर कॉम्प्युटरवर ठेवला की आपला बॅकअप झाला असं अनेकजण मानतात. ते सिंक असतं. इथे फाइल उडवली की तिथलीही उडते आणि ट्रॅशमध्ये जाते. गूगल ड्राइव्हचा ट्रॅश ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो. अडतीतली एखादी फाइल थेट मार्चअखेरीलाच आठवते, तिला ३० दिवस काय पुरणार! घरच्या कॉम्प्युटरवर एकाहून जास्त माणसं बसत असतील तर हा मुद्दा फार गंभीरपणे घ्यावा असं मला कळकळीने सांगायचंय.

म्हणून दोन्ही घेतलं, पण डेटा वाटून. घरच्या डिस्कवर सगळंच्या सगळं, विंडोजमधल्या फाइल हिस्ट्री या सोयीने. ती फाइलीच्या जुन्या आवृत्त्याही ठेवते, त्यामुळे आजची फाइल बिघडली तरी गेल्या महिन्यातली काढता येते. काम झालं की डिस्क काढून माडीवरच्या कपाटात. कायम जोडून ठेवत नाही, कारण वर लिहिलं तेच.

तशीच दुसरी डिस्क घेतली आणि ती जतला, माझ्या माहेरी ठेवली. जत दुष्काळी तालुका. तिथे पाण्याचा टँकर येतो, पूर येत नाही. जिल्हा एकच, पण दोन्ही घरांवर एकाच दिवशी संकट येणं अवघड. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीला जाताना ताजी डिस्क न्यायची, तिथली आणायची. बाहेर राहणार म्हणून तिच्यावर व्हेराक्रिप्टने पासवर्ड लावला. तो प्रोग्रॅम मोफत आहे, फक्त जिथे डिस्क उघडायची त्या कॉम्प्युटरवरही तो लागतो.

जतची डिस्क चार-सहा महिने मागे असते. मधल्या काळातली भर ऑनलाइन. त्यासाठी १०० जीबीचा प्लॅन पुरतो, वर्षाला १३०० रुपयांचा. त्यात टॅली, कागदपत्रांचे स्कॅन आणि चालू वर्षाचे फोटो. टॅलीचा फोल्डर नुसता उचलून ठेवत नाही. टॅलीतूनच बॅकअप काढायचा, मग सेव्हन-झिप या प्रोग्रॅममध्ये पासवर्ड घालून वर चढवायचा. शेतकऱ्यांची नावं, खाती, रकमा त्यात असतात. तो आपला एकट्याचा डेटा नव्हे. मोबाइलच्या फोटोंसाठी गूगल फोटोजमध्ये "ओरिजिनल क्वालिटी" निवडली. "स्टोरेज सेव्हर"मध्ये फोटो लहान करून साठवले जातात, आणि मूळ फोटो फोनमधून काढला की ती लहान प्रतच शेवटची उरते.

सर्वांत जास्त वेळ मी परत आणून बघण्यात घातला. भावाच्या लॅपटॉपवर जतची डिस्क उघडली, एका जुन्या वर्षाचा टॅली बॅकअप रिस्टोअर केला आणि अण्णांना खातेवहीतल्या बाक्या ताडून बघायला सांगितल्या. त्यांनी चष्मा लावून एकेक खातं बघितलं, तेव्हा कुठे मला बॅकअप झाला असं वाटलं. ऑनलाइनचा मोठा फोल्डर ब्राउझरमधून उतरवला तर गूगल त्याच्या अनेक झिप फाइली करून देतं. त्या सगळ्या उतरल्या की नाही हे मोजावं लागतं. पूर आलेला असताना हे शिकत बसणं कठीण गेलं असतं.

राहिल्या पासवर्डच्या गोष्टी. गूगल खात्यात शिरताना लागणारा टू-स्टेपचा कोड फोनवर येतो, आणि पुरात फोनही जाऊ शकतो, म्हणून त्याऐवजी चालणारे गूगलचे बॅकअप कोड कागदावर छापून माहेरी आईकडे दिलेत, डिस्कपासून वेगळे. गूगल खातं दोन वर्षं वापरलं नाही तर ते काढून टाकलं जाऊ शकतं, तसा नियम आहे. त्यामुळे खातं वापरात नसेल तर डेटा कुणाला द्यायचा हे ठरवायच्या गूगलच्या इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजरमध्ये नवऱ्याचं नाव घातलं. माझ्यामागे त्यांना तो डेटा उतरवता यायला हवा.

आमच्या लग्नाच्या मिनी-डीव्ही कॅसेट मात्र अजून तशाच डब्यात आहेत, त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही. त्या कॉम्प्युटरवर घ्यायला चालू स्थितीतला कॅमेरा आणि कॉम्प्युटरला फायरवायर या जुन्या केबलचं पोर्ट लागतं. सांगली-मिरज-कोल्हापूर भागात कुणी हे काम करत असेल तर जरूर कळवा, पावसाळ्याआधी उरकायचंय.