पट्टा मागितला, हातात लाठी आली

मला दांडपट्टाच शिकायचा होता. २०२४ ची शिवजयंती. ठाण्यात चरईच्या नाक्यावर मिरवणूक थांबली होती आणि मी भाजीची पिशवी घेऊन कडेला उभी होते. नऊवारी नेसलेल्या, माझ्या निम्म्या वयाच्या एका मुलीने पट्टा असा फिरवला की पातं दिसेनासंच झालं, नुसती लकाकी उरली. समोर एक मुलगा गुडघ्यावर बसलेला, त्याच्या तळहातावर लिंबू. फिरता फिरता तिने ते चिरलं आणि त्याच लयीत पुढे निघून गेली. मुलाने हात उघडून सगळ्यांना दाखवला. साधा ओरखडाही नव्हता. त्याच महिन्यात राज्य सरकारने दांडपट्टा हे महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं. ते वाचलं तेव्हा माझं ठरूनच गेलं.

मी तेव्हा ३९ वर्षांची होते. वागळे इस्टेटमध्ये हिशेबाचं काम, दिवसभर खुर्ची. शाळेतल्या लेझमीनंतर खेळाचं म्हणून हातात काही धरलेलं नव्हतं. पण पट्टा मनातून जाईना. एखादीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला म्हणतो, कुणी कडक पवित्रा घेतला म्हणतो. पवित्रा म्हणजे आखाड्यातली पावलांची ठेवण. हे शब्द रोज आपल्या तोंडात असतात, आणि ते जिथून आले ते हत्यार बहुतेकांनी हातातही घेतलेलं नसतं. मला ते घ्यायचं होतं.

पट्टा शिकवणारं जवळपास कुणी मिळेना, म्हणून आधी नौपाड्यातल्या एका कराटे क्लासला जाऊन आले. तिथे ओकिनावाची हत्यारं शिकवतात: बो म्हणजे सहा शाकुंची, साधारण १८२ सेंटिमीटरची काठी, शिवाय साई म्हणजे तीन टोकांचं लोखंडी हत्यार, टोन्फा म्हणजे बाजूला मूठ असलेली आखूड काठी, आणि नानचाकू. सर स्पष्ट बोलणारे. ‘आधी वर्षभर रिकाम्या हाताने कराटे, मग काठी, नानचाकू त्याच्याही नंतर,’ म्हणाले. फोम लावलेला नानचाकू त्यांनी मला सहज फिरवायला दिला. दोन दांड्यांमधल्या साखळीमुळे सुटी बाजू परत कुठे येणार हे नवख्या हाताला कळतच नाही. माझ्या कोपराला ती तीनदा लागली. फोम होता म्हणून निभावलं.

मग ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीला. तिथे फिलिपिन्सची अर्निस शिकवणारा एक छोटा गट होता. त्यांची रीत उलटी, पहिल्या दिवसापासून हातात हत्यार. वेताची साधारण २८ इंचाची काठी. रिकाम्या हाताचे डाव नंतर त्याच हालचालींतून काढायचे. मला हे फार पटलं होतं आणि तो गटही आवडला होता. पण सगळा सराव जोडीने, समोर कुणीतरी काठी घेऊन उभं पाहिजे. ऑफिस सुटल्यावर ठाण्याहून अर्ध्या तासाची लोकल, आणि घरी आल्यावर समोर कुणी नाही. आठवड्यातून एकदाच हात चालला तर शिकणार काय? तिथेच माझ्या डोक्यात पहिला निकष तयार झाला: जे हत्यार एकटीला रोज फिरवता येईल ते.

कळव्याजवळ एका मंडळाच्या पटांगणात मर्दानी खेळ, म्हणजे लाठी, तलवार, पट्टा असे आपले जुने शस्त्रांचे खेळ शिकवतात, हे ऑफिसमधल्या एकाने सांगितलं. वस्ताद मूळचे कोल्हापूरकडचे, पन्नाशीचे, आवाज अगदी हळू. मी थेट म्हटलं, ‘वस्ताद, मला पट्टा शिकायचाय.’ दुसरा कुणी असता तर ‘आधी लाठी’ म्हणून मोकळा झाला असता. ते म्हणाले, ‘शिकवतो की. घालून तर बघा, ताई.’

सरावाचा पट्टा बोथट होता. त्याच्या मुठीला खोबळा म्हणतात. लोखंडी मोजाच तो, कोपराच्या जवळपर्यंत हात झाकणारा. आत एक आडवी दांडी असते, ती मुठीत धरायची. हात आत गेला आणि मला एकदम कळलं की माझं मनगट आता माझं राहिलेलं नाही. तलवार मनगटावर फिरते. इथे मनगट बंद. पुढचं तीन-साडेतीन फुटांचं लवचीक पातं फिरवायचं तर कोपर, खांदा, कंबर आणि पाय एका सुतात हलायला हवेत. वस्तादांनी समोर आठचा आकडा काढायला सांगितला, दहा वेळा. चौथ्या फेरीत खांदा भरून आला. सहाव्या फेरीत पाय जागेवरच राहिले, हात पुढे गेला, आणि लवलेलं पातं येऊन माझ्या उजव्या मांडीवर चपकन बसलं. सलवारीतूनसुद्धा बोटभर रुंद लाल पट्टी उठली.

वस्ताद शांतपणे म्हणाले, ‘पातं खरं असतं तर?’

मग त्यांनी लाठी दिली आणि तोच आठचा आकडा काढायला लावला. इथे मनगट मोकळं होतं. काठी चुकली की वेग पडायचा, जमिनीला टेकायची, हातातून सुटायची. चूक लगेच कळायची आणि रक्त निघायचं नाही. ते म्हणाले, ‘पावलं लाठीवर बसली की पट्ट्याला वेगळी शिकवावी लागत नाहीत.’ केरळच्या कळरिपयट्टूतही आधी शरीर, मग लाकडी हत्यारं आणि त्यानंतर धातूची, असाच क्रम असतो हे मी पुढे वाचलं. त्या दिवशी मात्र मी खट्टू होऊन घरी आले, हे खरं आहे. मिरवणुकीतली ती मुलगी डोळ्यांसमोर होती आणि माझ्या हातात बांबू.

पहिली लाठी मी घाईत घेतली. पावसाळ्याचे दिवस होते. रस्त्याकडेला बांबू विकणाऱ्याकडून एक हिरवट, देखणा, सरळसोट बांबू उचलला आणि दाराच्या मागे उभा करून ठेवला. पंधरा दिवसांनी लादीवर पिवळसर भुगा दिसला, पिठाच्या चिमटीएवढा. पुसला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. जवळून पाहिलं तर पेराच्या वर टाचणीच्या टोकाएवढी तीन भोकं. कीड आत शिरली होती. महिनाभरात गच्चीवर जमिनीला टेकताच ती लाठी लांबीत चिरली आणि तिचं एक कुसळ माझ्या अंगठ्याच्या मुळात गेलं. वस्तादांनी तुकडा हातात घेऊन सांगितलं, की पावसाळ्यातल्या कोवळ्या बांबूत गोडवा जास्त असतो, किड्याला तेच हवं असतं. बांबू जून पाहिजे आणि दिवाळीनंतर तोडलेला पाहिजे.

दुसऱ्या खेपेला ते स्वतः वखारीत आले. कोकणातला माणगा मागितला, कारण तो जवळजवळ भरीव असतो. पोकळ बांबू हलका लागतो पण वार झेलताना फुटतो. ढिगातून वीसेक काठ्या काढून त्यांनी एकेक जमिनीवर लोळवली. वाकडी काठी लोळताना उड्या मारते, सरळ काठी एकाच सुरात जाते. उरलेल्या पाच जमिनीवर उभ्या आपटून पाहिल्या. बद्द आवाज आला की आत चीर आहे, ती बाजूला. मग मला उभं करून माझ्या कानाच्या पाळीशी खूण केली, उंची तेवढीच. जाडी पाहायची ती मुठीत धरून: अंगठ्याचं टोक मधल्या बोटाच्या टोकाला सहज टेकलं पाहिजे. शेवटी बोटावर आडवी तोलली. बुंध्याची बाजू थोडी जड असणारच, पण तोल मधल्या पेराच्या आसपास यायला हवा. हे सगळं अर्धा तास चाललं. वखारवाला कंटाळला नाही, उलट त्याने आतून आणखी चार काढून दिल्या. अडीचशे रुपये झाले.

घरी पेरांच्या कडा काचपेपरने घासल्या आणि जवसाचं तेल दोनदा मुरवलं. आता दर महिन्याला एकदा तेल लावते.

जागेचा प्रश्न मात्र मी आधी अजिबात धरला नव्हता. फ्लॅटमध्ये एवढी लांब लाठी डोक्यावरून फिरवणं अशक्य, पंखा मध्ये येतो. सोसायटीच्या गच्चीची चावी मिळायला तीन अर्ज आणि एक मासिक सभा लागली. सेक्रेटरींची भीती रास्त होती, गच्चीवर मुलं खेळतात. शेवटी ठरलं: सकाळी सहा ते पावणेसात, दार आतून लावून, आणि मध्यभागी खडूने आखलेल्या वर्तुळात. लाठी अधिक हात, असं धरून मी सगळीकडून आठ फूट मोकळे ठेवते.

आणखी एक गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही. सण, मोर्चे, निवडणुका यांच्या दिवसांत ठाणे पोलीस आयुक्तालय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतं. त्यात शस्त्रांबरोबर लाठ्या-काठ्या घेऊन फिरण्यावरही बंदी असते. तलवारी, भाले सोडाच, माझी माणग्याची लाठीही त्यात बसते. म्हणून मी दोन ठेवल्या: एक गच्चीच्या जिन्यात, एक पटांगणातल्या खोलीत. रिक्षात किंवा लोकलमध्ये ती कधीच नेत नाही.

पहिले तीन महिने फक्त एका हाताने समोर, मग बाजूला, मग डावा हात. डाव्याने मला फार रडवलं. पटांगणात दहा वर्षांची एक पोर माझ्याकडे बघून म्हणाली, ‘काकू, अंगठा वर नको, आत घ्या.’ एवढ्याशा बदलाने काठी सुटायची थांबली. लाठी नीट फिरायला लागली की तिचा आवाज बदलतो. आधी फट्‌-फट्‌ असा तुटक येतो, मग एके सकाळी सलग घूं... गच्चीवर तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी थांबलेच नाही, पावणेसात वाजून गेले तरी.

दहाव्या महिन्यात वस्तादांनी न मागता पट्टा पुढे केला. हात खोबळ्यात घातला. मनगट तसंच बंद झालं. पण पहिल्याच फेरीत माझा डावा पाय आपणहून मागे गेला आणि पातं मांडीपासून हातभर लांबून निघालं. आता क्लासच्या शेवटी दहा मिनिटं पट्टा, तोही फक्त आठचा आकडा. लिंबू अजून फार दूर आहे आणि मला घाई नाही.

आमच्या मजल्यावरच्या जोशीकाकू ६२ वर्षांच्या आहेत. मला गच्चीवर पाहून त्यांनी विचारलं, ‘मला जमेल का गं?’ त्यांना वस्तादांकडे नेलं. त्यांचा उजवा खांदा वर जात नाही. वस्तादांनी त्यांना कमरेएवढी काठी सांगितली, खांद्याच्या खालीच फिरणारी. गेल्या रविवारी आम्ही दोघी वखारीत गेलो. काकूंनी पदर खोचला, खाली बसल्या आणि एकेक काठी लोळवून पाहायला लागल्या. अकरावी पसंत पडली.