रोटीसुटीचे देव आणि पंढरीराव

जेजुरी जवळ आली की दिंडीतली भजनं आपोआप बदलतात. सासवडहून निघताना ‘ज्ञानोबा-तुकाराम’ चालू होतं. यमाई शिवरीला दुपारच्या पंगती उठल्या, साकुर्डे मागं पडलं आणि आमच्या चालकानं नाथांचं भारूड धरलं, ‘अहं वाघ्या सोहं वाघ्या प्रेमनगरा वारी’. पखवाजवाल्यानं हात मोकळा सोडला. गड दिसला तसं टाळकऱ्यांनी सरळ ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ सुरू केलं. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का आणि तोंडात खंडोबा! गावात शिरताना माउलींच्या पालखीवर भंडाऱ्याची उधळण झाली. हळद केसांत, कानांत, पाण्याच्या बाटलीच्या झाकणाच्या आट्यांत. पुढचे कितीतरी घोट हळदीचेच लागले.

पुणे ते सासवड हा टप्पा ऑफिसातली एक मैत्रीण सोबत चालली होती. केरळची, ख्रिस्ती घरातली. दिवेघाट चढताना दम खायला थांबलो तेव्हा तिनं विचारलं, “तुम्ही निघालात एका देवाला भेटायला. वाटेत दुसऱ्याकडे थांबणार, त्याचा जयजयकार करणार. पहिल्याला राग नाही येत?” मी म्हणाले, सगळे देव शेवटी एकच. आपण सगळेच हे उत्तर देतो. त्यात खोटं काही नाही, पण त्यातून समोरच्याला कळतही काही नाही. सगळे एकच, तर मग दोनशे-अडीचशे किलोमीटर चालायचं कशाला? गल्लीच्या तोंडाशी मारुती आहेच की.

आणि सगळे एकच असतील, तर तुकोबा एवढे चिडले कशावर?

हे मी विचारलं नाही, आमच्या दिंडीतल्या गुरुजींनी विचारलं. सातारा भागातले निवृत्त प्राथमिक शिक्षक, ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय मुखोद्गत. जेजुरीत सगळे गडावर निघाले, हे तंबूत बसून राहिले. “तुम्ही या जाऊन. मी चढत नाही.” का, म्हणून विचारलं तर तिथंच, खंडोबाच्या पायथ्याशी बसून, त्यांनी अभंग म्हणून दाखवला:

नव्हे जाखाई जोखाई । मायराणी मेसाबाई ॥
बळिया माझा पंढरीराव । जो या देवांचाही देव ॥

पुढं ‘बहिरव खंडेराव । रोटीसुटीसाठी देव’ आलं तेव्हा त्यांनी आवाज थोडा खाली घेतला. आजूबाजूला जेजुरीकर होते. गणपतीलाही त्या अभंगात सोडलेलं नाही, ‘लाडूमोदकांचा काळ’ म्हटलंय.

मी मात्र चढले. माझं माहेर कोल्हापूरकडचं, आमचं दैवत जोतिबा. लग्न झालं आणि खंडोबाची झाले. आडनावाबरोबर कुळाचा देवही बदलतो, हे पुरुषांना कधी सोसावं लागत नाही, म्हणून त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. नवरा मला उचलून पाच पायऱ्या चढला होता याच गडावर, आणि मला मनातून वाटत होतं, जोतिबाला काय वाटत असेल? तेव्हा सासूबाईंनी सोपा मार्ग काढला: माहेरच्या देवाला सोडायचं नाही, सासरच्याला चुकवायचं नाही. चैत्रात मी अजूनही वाडी रत्नागिरीला जाते, गुलालात न्हाऊन येते. इथं हळद, तिथं गुलाल.

चढताना सोबत होत्या हिंगोलीकडच्या मावशी. नामदेवांच्या नर्सीपासून जवळच त्यांचं गाव. डोक्यावर तुळस घेऊन अख्खी वारी चालतात, गुडघ्याला तेलाचा फडका बांधून. त्यांच्या कंबरेच्या पिशवीत एक फडक्याची पुरचुंडी होती. वर गेल्यावर सोडली. आत चांदीचे टाक. एकावर घोड्यावरचा खंडोबा, मागं म्हाळसा. एकावर अष्टभुजा भवानी. एक वीराचा, म्हणजे त्यांच्या घरात कुणी पूर्वज अवेळी गेला त्याचा. घासून घासून चेहरे पुसट झालेले, घोड्याचे पाय तेवढे ओळखू येत होते. मावशींनी ते देवाच्या पायरीला टेकवले, वर भंडारा वाहिला, परत बांधले. पाच जणांनी तळी उचलली. मग त्या निवांत म्हणाल्या, “खंडोबाला मागावं. देवीपुढं गाऱ्हाणं घालावं. इठोबाला काय मागायचं नसतं बाई, त्याला नुसतं भेटायचं असतं.”

मैत्रिणीला घाटात हे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. देव किती, या प्रश्नाला आपली माणसं आकड्यात उत्तर देतच नाहीत. कुळाचा देव जन्मानं किंवा लग्नानं मिळतो. गावची देवी गावाबरोबर येते, वेशीवर राखण करते. विठ्ठल मात्र स्वतः निवडायचा. माळ आपणहून घालून घ्यायची. नाती वेगळी, म्हणून वागणं वेगळं. (मावशींचा नियमही पक्का नव्हताच. तरडगावच्या अलीकडं आभाळ नुसतंच भरून राहिलं होतं, तेव्हा त्या पुटपुटताना मी ऐकलंय, “पाड की रे इठ्ठला, सोयाबीन करपून चाललं.” मी बघितलं तर गप्प बसल्या.)

गुरुजींना हा नात्यांचा हिशोब मान्य नव्हता. नीरेवर माउलींच्या पादुकांचं स्नान झालं, लोणंद गेलं, चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण झालं, आणि चालता चालता त्यांचं निरूपण सुरूच. गीतेत भगवंत म्हणतात, दुसऱ्या देवांना भजणारेही मलाच भजतात, पण विधी सोडून. त्यावर माउली सांगतात, फांद्या-पानं सगळी एकाच बीजाची असली तरी पाणी घालायचं ते मुळाला. मावशी ऐकत होत्या. म्हणाल्या, “खरंय गुरुजी. पण मिरीग लागला की पाऊस पानावरच पडतो आधी.” गुरुजी हसले, पण हरले नाहीत.

फलटणला मुक्कामात गर्दीमुळं दर्शनं धड झाली नाहीत. गाव मोठं रामाचं, निंबाळकरांच्या वाड्याजवळचं. पण फलटण महानुभाव पंथाचंही मोठं ठाणं आहे, आणि त्यांचं म्हणणं ऐकलं की ‘हिंदू लोक असं मानतात’ अशी वाक्यं जपून लिहावीशी वाटतात. त्यांच्याकडे परमेश्वर वेगळा आणि देवता वेगळ्या. देवता खऱ्या आहेत, पण त्यांच्यानं मोक्ष मिळत नाही, म्हणून त्यांची पूजा नाही. पंचकृष्ण, म्हणजे त्या परमेश्वराचे पाच अवतार, तेवढे भजायचे. म्हणजे चौकात एका बाजूला अनेक देव, दुसऱ्या बाजूला एकच परमेश्वर, आणि मधून आम्ही टाळ वाजवत चाललेलो. कुणी कुणाला अडवत नव्हतं.

बरडच्या मुक्कामात कीर्तन झालं ते मला अजून पाठ आहे. बुवांनी बृहदारण्यक उपनिषदातला जनकाच्या सभेतला प्रसंग लावला होता. शाकल्य विचारतो, याज्ञवल्क्या, देव किती? उत्तर येतं, 3306. शाकल्य म्हणतो, बरोबर. पण देव किती? 33. बरोबर, पण किती? सहा. मग तीन. मग दोन. मग दीड! तंबूत हशा पिकला. पाठीमागून कुणीतरी ओरडलं, “अर्धा कुठं ठेवला बुवा?” बुवा म्हणाले, दीड म्हणजे हा वाहणारा वारा, ज्याच्यात सगळं वाढतं. आणि शेवटी एक: प्राण, तेच ब्रह्म. सगळ्यांनी ‘विठ्ठल विठ्ठल’ केलं. मला भावलं ते वेगळंच. शाकल्य कुठल्याही आकड्याला चूक म्हणत नाही. 3306 ला बरोबर म्हणतो आणि तरी पुन्हा विचारतो. याज्ञवल्क्यही आधीचा आकडा मागं घेत नाही. ते सगळे त्या तेहेतिसांचेच महिमे आहेत म्हणतो. एकापर्यंत पोचल्यावर बाकीच्यांना घराबाहेर काढायचं, असं तिथं कुठंच नाही.

नातेपुते, माळशिरस हे टप्पे मी पायाच्या फोडांमुळं धड अनुभवलेच नाहीत. सुईनं फोडायचे, दोरा आत ठेवायचा, हळद लावायची. ती जेजुरीचीच होती. सदाशिवनगरचं गोल रिंगण लांबून बघितलं, माउलींचा अश्व धावला तेव्हा माणसांच्या डोक्यांपलीकडं नुसती धूळ दिसली.

वेळापूरला मात्र नवल झालं. तिथं अर्धनारीनटेश्वराचं जुनं मंदिर आहे. गुरुजी न सांगता रांगेत उभे! मी म्हटलं, “इथं कसे?” तर म्हणाले, “तुकोबांनीच सांगितलंय, ‘एकादशी सोमवार न करिती । कोण त्यांची गति होईल नेणों’. हरिहरांत भेद नाही.” आणि ‘उजवें वाम भाग । तुका म्हणे एक चि अंग’ एवढं म्हणून त्यांनी बेल वाहिला. मग मी छेडलंच. खंडोबा म्हणजे मार्तंडभैरव, मणी-मल्लाला मारायला आलेले महादेवच ना? तो का चालत नाही?

गुरुजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “महादेव चालतो. बोकडाचा महादेव चालत नाही. आमच्या वाड्यात नवस फेडायला दरवर्षी कापायचे. मी लहानपणी एक पाळला होता.”

तेव्हा मला तो अभंग नीट ऐकू आला. तुकोबांचं भांडण देव किती आहेत याच्याशी नाही, ‘रोटीसुटी’शी आहे. अमुक दे, मग तमुक कापतो, हा जो सौदा आहे, त्याच्याशी. मावशींनी खंडोबाची बाजू घेतली, “देव स्वतः खात नाही हो ते. त्याला भरीत-रोडगा.” गुरुजी म्हणाले, “मग खातं कोण?” यावर मावशींनी तंबाखू मळायला घेतली.

तसं बघितलं तर वारकऱ्यांच्या घरातच हे दोन्ही प्रवाह आहेत. माउलींची गुरुपरंपरा आदिनाथ शंकरापासून सुरू होते, मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. आळंदीत त्यांची समाधी आहे ती सिद्धेश्वराच्या आवारात. 1296 साली माउली नंदीखालच्या विवरात उतरले म्हणतात. पंढरीत विठोबानं मस्तकी शिवलिंग धरलंय अशी आपली श्रद्धा. नरहरी सोनाराची गोष्ट शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. मावशी तर औंढ्याच्या शेजारच्या. त्या सांगतात, नामदेवांना कीर्तनाला मागं जा म्हटलं, तर नागनाथाचं देऊळच फिरलं. नंदी अजून मागच्या बाजूला आहे, येऊन बघा.

एक सल मात्र राहतो. देव एक, भेद अमंगळ, हे शेकडो वर्षं गाऊनही चोखोबांची समाधी महाद्वाराच्या बाहेर राहिली, आणि पंढरीचं देऊळ दलितांना उघडायला 1947 साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. मूर्तींच्या बाबतीत आपण उदार झालो. माणसांच्या बाबतीत फार वेळ घेतला. नामदेव पायरीपाशी वाकताना हे मी दरवेळी आठवते, आणि ते आठवावं असंच आहे.

पंढरपुरात एकादशीला पदस्पर्शाची रांग गोपाळपुरापर्यंत गेली होती. आम्ही कळसाला हात जोडले. चंद्रभागेत बुडी मारली, पुंडलिकाचं दर्शन घेतलं. तिथं मावशींनी बेल आणि तुळस एकाच मुठीतून वाहिली. द्वादशीला बारस सोडली आणि जो तो गाडीच्या शोधात पांगला.

स्टँडवर हिंगोलीची एसटी लागली होती. मावशी म्हणाल्या, “चंपाषष्ठीला जेजुरीला येणारेय मी, सुनेला घेऊन. ये तूही.” गुरुजींना मुद्दाम काही विचारलं नाही त्यांनी. पण गाडी सुटायच्या आधी गुरुजी खिडकीपाशी आले आणि घडी घातलेली पन्नासाची नोट मावशींच्या हातात कोंबली.

“एक नारळ वाढवा तिथं. माझ्या नावानं नको. आमच्या मंडळींच्या नावानं.”