एका बेसचा माग

आज दिवसभर एकच अल्बम. द रॅप्चर या बँडचा 'एकोज', २००३चा. सकाळी भांडी घासताना लावला, संध्याकाळी परत लावला, आणि मधल्या वेळात त्याच्या आजोळी जाऊन आले.

आजोळ म्हणजे हा आवाज जिथून आला ते इंग्लंडमधलं लीड्स, १९७९. तिथल्या गँग ऑफ फोर या बँडचा अल्बम 'एंटरटेनमेंट!'. त्यांच्या अँडी गिलची गिटार आजही अंगावर येते. ती सुरात ओघळत नाही, तुकडे पाडते. व्हॉल्व्हच्या अँपचा उबदार आवाज नको म्हणून तो ट्रान्झिस्टरचा अँप वापरायचा. दोन फटक्यांच्या मध्ये मोकळी जागा, आणि त्या जागेत बेस चालतो, फंकच्या चालीने. किती वेळा ऐकलं तरी ती जागा मला दरवेळी नवी वाटते.

आता 'एकोज'मधलं 'हाउस ऑफ जेलस लव्हर्स' ऐका. तीच कोरडी गिटार, तसाच पुढे येऊन बोलणारा बेस, वर काउबेलची, म्हणजे धातूच्या घंटेची, टणटण. पण न्यूयॉर्कच्या डीएफए या निर्माता-जोडीने, जेम्स मर्फी आणि टिम गोल्ड्सवर्दींनी, ताल बसवलाय तो क्लबसाठी. द रॅप्चरचा गायक ल्यूक जेनर याच्या किंचाळण्यात मला पब्लिक इमेज लिमिटेड या बँडचा गायक जॉन लायडन ऐकू येतो. (त्या बँडचा 'मेटल बॉक्स' अल्बमही १९७९चाच, खरोखर धातूच्या डब्यात विकलेला!)

द रॅप्चरला गँग ऑफ फोरची नक्कल म्हणतात ते मला मुळीच पटत नाही. गँग ऑफ फोर बाजारावर, प्रेमाच्याही सौद्यावर बोट ठेवतात. जेनर स्वतःच्या काळजातली घालमेल गातो. वेगळंच दुखणं आहे ते.

रात्रीचे साडेअकरा. हेडफोनवर 'एकोज'मधलं पहिलं गाणं, 'ओलिओ', पुन्हा सुरू केलंय.